रक्तवाहिन्यांची भूक

सकाळी सत्तरीतून, पेडण्यातून, काणकोणातून माणसं बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात येतात. हातात फायलींची पिशवी, सोबत घरचं कुणीतरी. त्यांतल्या काहींना आज केमोची सलाईन लागेल. ते औषध रक्तातून कर्करोगाच्या गाठीकडे निघेल. पण आतपर्यंत पोचेल किती?

गाठ एक-दोन मिलिमीटरची असते तोवर आजूबाजूच्या प्राणवायूवर तिचं भागतं. पुढे वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. अमेरिकन शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी हे १९७१ मध्ये मांडलं. त्या विचारातून आलेल्या बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. रसद तोडली की गाठ मरेल, असा हिशेब होता. काही रुग्णांना फायदा झालाही, पण गाठ बहुतेकदा पुन्हा वाट काढते.

मुळात गाठीतल्या रक्तवाहिन्या धड नसतात. कुळागरातला पाट फुटला की पाणी वाटेतच मुरतं आणि टोकाची पोफळ तहानलेली राहते, तसंच इथे होतं. औषध आत शिरत नाही. प्राणवायू तुटपुंजा, म्हणून रेडिएशनचाही जोर कमी पडतो. आणि गळक्या भिंतींतून कर्कपेशी निसटून दुसऱ्या अवयवात जातात.

आता ही पेशी पाहा, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची. प्राणवायूने भरलेलं रक्त अंगावरून वाहत असतं, तरी सुमारे ८५ टक्के ऊर्जा ती प्राणवायू न वापरता, नुसतं ग्लुकोज फोडून मिळवते. किती विलक्षण! पण रक्तवाहिनीचा नवा फुटवा जायचा असतो तो प्राणवायू तुटपुंजा असलेल्या जागेतच. बेल्जियममधल्या ल्युव्हेनला पीटर कार्मेलिट यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की ग्लुकोज फोडण्याच्या कामातलं ‘पीएफकेएफबी३’ हे एन्झाइम रोखलं तर फुटवे मंदावतात. २०१६ मध्ये उंदरांवर त्याहून मोलाचं काही दिसलं. एन्झाइम थोड्या मात्रेत रोखलं, तर वाहिन्या मरत नाहीत, घट्ट होतात. केमो जास्त लागू पडते, रोग कमी पसरतो. मात्रा फार वाढवली, तर मात्र वाहिन्याच मोडतात. सगळी मेख मात्रेत आहे, आणि रुग्णांसाठी असं औषध अजून बाजारात नाही.

घरच्यांनो, ही ग्लुकोजची गोष्ट ऐकून रुग्णाचा भात, फळं बंद करू नका. जेवण कमी केलं तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं. झिजतं ते रुग्णाचं अंग. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा. नाहीतर केमोच्या दिवसांत जी पेज घशाखाली उतरेल, ती उतरू द्या.