काळी एक, पांढरी एक

(पडदा काळा. जुनं गाणं सुरू आहे. अंतऱ्याजवळ सूर खाली सरकू लागतो, शब्द जड होतात.)

गायिका बेसूर झालेली नाही. तिची पट्टी आत्ता, आपल्यासमोर उतरतेय. गाणं सुरू झालं तेव्हा तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत होती आणि बाई काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गात होत्या. फेरे ७४वर आले आणि त्या शेजारच्या, खालच्या पांढरी एकवर जवळजवळ आल्या.

(सूटकेससारखी काळी पेटी. झाकण उघडं.)

हा एचएमव्ही १०२. १९३१ साली बाजारात आलेला, हातात धरून न्यायचा ग्रामोफोन. मुंबईच्या चोर बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याची यंत्रं मांडलेली असतात, त्यातली बरीचशी अलीकडे जुळवलेली. ही पेटी दिसायला साधी, पण अस्सल.

वीज लागत नाही. चावी दिली की मोटरच्या डब्यातली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, आवळली जाते, आणि सुटता सुटता तबकडी फिरवते. अमेरिकेत कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सननं १८९६ साली ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याच्या ग्रामोफोनसाठी अशी मोटर तयार केली. त्याआधी तो ग्रामोफोन हातानंच फिरवायचा, म्हणजे गवयाचा सूर ऐकणाऱ्याच्या मनगटात!

पेटी दुरुस्तीला काकांकडे आलीय, आणि ज्याची आहे त्याचं निदान तयार आहे. "काका, स्प्रिंग मेली. कुणीतरी चावी जास्त दिली असणार."

हा समज फार जुना. स्प्रिंग तुटते ती गंजून किंवा थकून. आणि तुटली तर चावी नुसतीच गरगर फिरते. इथे चावीला जोर लागतोय, म्हणजे स्प्रिंग अजून धरून आहे.

(तबकडीखालचं ताट उतरवलं जातं. मोटर बाहेर. गव्हर्नर जवळून.)

काका सुई उचलून ठेवतात, मोटर मोकळीच चालवतात आणि इथे बघतात. तीन छोटी वजनं, पातळ पट्ट्यांवर बसवलेली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, आपल्याबरोबर एक चकती ओढतात, आणि चकती मऊ गादीला घासून वेग आवरते. हा गव्हर्नर. तो लगाम आहे, चाबूक नाही. वेग कमी पडला तर त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून खरा प्रश्न एवढाच: मोटर रेंगाळते तेव्हा चकती गादीला टेकलेली आहे का? टेकलेली असेल तर दोष गादीचा, किंवा वेगाचा काटाच चुकीचा लावलेला. सुटलेली असेल तर ताकद वाटेतच कुठेतरी मरतेय.

सुटलेली आहे.

(आवाज: धप्... धप्...)

आणि हा आवाज ऐका. डब्यातलं जुनं ग्रीस सुकून चिकट झालंय. पट्टीचे वेढे एकमेकांना धरून बसतात आणि झटक्यानं सुटतात.

आता घाई करायची नाही. काका ब्रेक सोडून मोटर पूर्ण थांबेपर्यंत चालू देतात, मगच डबा उघडतात. तरीही आत पट्टी दाबलेलीच असते. इंचभर रुंद, काही मीटर लांब, कडा धारदार. जाड हातमोजे घालून मधला वेढा धरायचा आणि एकेक वेढा बाहेर सोडायचा. एकदम निसटली तर बोटं जातात. यात अतिशयोक्ती नाही.

(पट्टी जमिनीवर मोकळी होते.)

मोकळी झाल्यावर ती ऐसपैस पसरली. थकलेली स्प्रिंग बाहेर काढल्यावरही अंग चोरून, लहानशी गुंडाळी करून पडून राहते. तशी असती तर नवी घालावी लागली असती. मधल्या टोकाचं भोक फाटलेलं नाही, म्हणजे आसाच्या आकड्यात नीट अडकेल.

रॉकेलनं काळा थर निघतो. मग ग्राफाइटचं ग्रीस, बेतानं. गव्हर्नरच्या टोकांना तेलाचा एकेक थेंब, गादीलाही एक.

(पेटी पुन्हा जोडलेली. तबकडीखाली कागदाचा कपटा, समोर घड्याळ.)

कपटा मोजायला. एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर वेळा समोरून गेला. गाण्याच्या शेवटच्या मिनिटात सत्त्याहत्तर.

पेटीवाला खूश. काका मात्र सुईकडे बोट दाखवतात. "ही कितव्यांदा वाजतेय?"

पोलादी सुई एका बाजूपुरती. बोथट झाली की ओढ वाढते, आणि तबकडीही खरवडली जाते.

"आठ-दहा वेळा झालं असेल, काका."

(काका सुई बदलतात. चावी. तीच गायिका, काळी एक.)