वीजदराच्या सुनावणीत ग्राहकाचा वकील कुणाच्या पैशावर?

[दृश्य: वीजबिल जवळून. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार या ओळींवरून कॅमेरा सरकतो.]

वीज कंपनी वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे दरवाढीची याचिका करते तेव्हा त्यामागे वकील असतात, सल्लागार असतात, खर्चाचे तक्ते जुळवणारे लेखापाल असतात. त्यांचं मानधन कंपनीच्या प्रशासकीय खर्चात धरलं जातं. तो खर्च वार्षिक महसुली गरजेत, म्हणजे कंपनीला वर्षभरात लागणाऱ्या एकूण रकमेत जातो आणि त्या गरजेवरूनच दर ठरतो. म्हणजे दरवाढ मागणाऱ्या वकिलाची फी ग्राहकच भरतो. त्या मागणीला उत्तर देणाऱ्याची फी मात्र या हिशेबात कुठेच नसते.

उत्तर द्यायला काय लागतं, ते पाहा. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वीजवापर अंदाजानं काढला जातो. अंदाज फुगवला की तेवढी वीज शेतीला विकली गेली असं दिसतं, आणि वितरण गळती कागदावर कमी होते. हे पकडायचं तर फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर नोंदलेली वीज, त्या फीडरवरचे पंप, त्यांची अश्वशक्ती आणि पुरवठ्याचे तास एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. जनसुनावणीत माइकसमोर मिळणाऱ्या काही मिनिटांत हे होत नाही. त्यासाठी जाणकार माणसाला कित्येक आठवडे बसावं लागतं, आणि त्याचंही घर चालावं लागतं.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को. व्हॅन नेस अव्हेन्यूवरची कॅलिफोर्निया पब्लिक युटिलिटीज कमिशनची, म्हणजे तिथल्या नियामक आयोगाची इमारत.]

कॅलिफोर्नियानं हा खर्च कायद्यात बसवला. तिथल्या पब्लिक युटिलिटीज कोडमधली १८०१ ते १८१२ ही कलमं फक्त याच विषयाची आहेत. ग्राहकाच्या बाजूनं सुनावणीत उतरलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला वाजवी खर्च परत मिळतो. तो देते वीज कंपनी, आणि दरांतून वसूल करते. दोन्ही बाजूंचा खर्च एकाच खिशातून होतो. तो खिसा ग्राहकाचा असल्यामुळे मोजदाद कडक आहे, आणि ती असायलाच हवी.

पात्र कोण? स्वतः ग्राहक असलेली व्यक्ती, ग्राहकांनी अधिकार दिलेला प्रतिनिधी, किंवा घरगुती आणि लहान व्यावसायिक ग्राहकांची बाजू मांडणं जिच्या घटनेतच लिहिलेलं आहे अशी संस्था. सरकारी यंत्रणांना सहसा यात पैसे मिळत नाहीत. शिवाय आर्थिक अडचण दाखवावी लागते. संस्थेच्या बाबतीत कसोटी अशी: प्रत्येक सदस्याचं बिलातलं हित सुनावणीच्या खर्चापुढे किरकोळ आहे का? महिन्याला चार-पाच डॉलर वाचावेत म्हणून कुणीही एकटा लाखभर डॉलर घालणार नाही. कायद्यानं नेमकं हेच ओळखलं.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. तारखांवर एकेक खूण उमटत जाते.]

मुदतींकडे लक्ष द्या, कारण चांगले दावे इथेच बुडतात. प्रकरणाची सुनावणीपूर्व बैठक झाली की ३० दिवसांत इराद्याची सूचना दाखल करायची. कोणत्या मुद्द्यांवर बोलणार, कोण बोलणार, अंदाजे किती तास आणि किती खर्च, हे सगळं त्यात आधीच लिहायचं. अंतिम आदेश निघाल्यावर ६० दिवसांत खर्चाचा दावा. त्यावर कंपनीसह कुणीही ३० दिवसांत हरकत घेऊ शकतं, आणि तिला उत्तर द्यायला १५ दिवस मिळतात. दावा दाखल झाल्यापासून ७५ दिवसांत आयोगानं निर्णय द्यायचा, आणि निर्णयानंतर ३० दिवसांत कंपनीनं पैसे.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर तासांची नोंदवही.]

दाव्याचा जीव या नोंदवहीत असतो. ‘याचिकेचा अभ्यास, ९ तास’ अशी मोघम नोंद कापली जाते. तारीख, कुणी काम केलं, नेमकं कोणतं काम, किती वेळ आणि कोणत्या मुद्द्यासाठी, एवढं प्रत्येक ओळीत हवं. उदाहरणार्थ: ‘भूमिगत वाहिन्यांच्या खर्चावरील साक्षीदाराच्या उलटतपासणीची तयारी, अडीच तास, मुद्दा वणवा-प्रतिबंध.’ प्रवासाचे आणि दावा लिहिण्याचे तास निम्म्या दरानं धरले जातात. टंकलेखन, झेरॉक्स, फायली लावणं या कारकुनी कामाचे वेगळे पैसे नाहीत. ते वकिलाच्या तासाच्या दरातच धरलेले असतात. हा दर बाजारभावानं ठरतो. तितक्याच अनुभवाच्या माणसाला आयोग किंवा कंपनी जे देईल, त्याहून जास्त मिळत नाही.

यानंतरची अट सर्वांत अवघड: भरीव योगदान. तुम्ही मांडलेली वस्तुस्थिती, कायद्याचा मुद्दा किंवा ठोस शिफारस आयोगाच्या आदेशात पूर्णपणे किंवा अंशतः उतरली पाहिजे. म्हणून दावा लिहिताना एका रकान्यात आपलं म्हणणं पान क्रमांकासह, आणि शेजारच्या रकान्यात आदेशातला तोच भाग पान क्रमांकासह असं समोरासमोर मांडतात. दुसऱ्या संस्थेनं तेच म्हटलं असेल, तर पुनरावृत्ती म्हणून कपात होऊ शकते. यावर उपाय एकच. सुरुवातीलाच संस्थांनी एकत्र बसून मुद्दे वाटून घ्यायचे आणि त्या बैठकीचीही नोंद ठेवायची.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे पैसा काम झाल्यावर येतो. मोठं दरप्रकरण दीड-दोन वर्षं सहज चालतं. त्यानंतर दावा, मग त्याच्या निर्णयाची वाट. राज्याच्या लेखापरीक्षकानं २०१३ मध्ये तपासणी केली तेव्हा आयोग ७५ दिवसांची मुदत वारंवार चुकवत असल्याचं आढळलं. उशिरासाठी व्याज मिळतं, पण तेही शेवटी ग्राहकाच्याच बिलातून. मधल्या काळात पगार कशातून द्यायचे? कॅलिफोर्नियात १९७३ पासून उभी असलेली टर्नसारखी ग्राहक संस्था ते झेपवू शकते. एखाद्या वस्तीतली चार माणसांची संघटना पहिल्याच प्रकरणात मोडेल.

ओरेगॉननं वेगळी वाट धरली. तिथे २००३ च्या कायद्यानं कंपनी आणि ग्राहक संस्था यांच्यात निधीचा करार करायला परवानगी दिली. करार आयोग मंजूर करतो, आणि खर्चाचं अंदाजपत्रक कामाआधी ठरतं. २०२१ मध्ये अल्प उत्पन्न गटांच्या संस्थांनाही ही दारं उघडली. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यानं असा निधी कायद्यात आणला. लहान संस्थांसाठी ही पद्धत जास्त न्याय्य आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: महाराष्ट्र. सभागृहात जनसुनावणी, एक शेतकरी हातातले कागद सावरत माइककडे येतो.]

आपल्याकडे विद्युत अधिनियम, २००३ मध्ये सहभागाचा हक्क पक्का आहे. कलम ६४ नुसार जनतेच्या सूचना-हरकती विचारात घेतल्यावरच दर आदेश निघतो. कलम ९४(३) नुसार आयोग कुणालाही ग्राहकांचा प्रतिनिधी म्हणून अधिकृत करू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास या संस्थांनी महाराष्ट्रात ही भूमिका निभावली आहे. ओडिशाच्या आयोगानं तर दर सुनावण्यांसाठी पुण्याच्याच वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ सस्टेनेबल एनर्जीला ग्राहकांची बाजू मांडायला नेमलं होतं. ग्राहक गटांची क्षमता वाढवून आयोगापुढे त्यांचं प्रभावी प्रतिनिधित्व होईल असं पाहावं, हे २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणातही लिहिलेलं आहे. पण कलम ९४(३) मध्ये प्रतिनिधीच्या खर्चाबद्दल एक शब्दही नाही.

तरीही कायदा वाट अडवत नाही. कलम १०३ खाली राज्य आयोगाचा स्वतंत्र निधी असतो, आणि आयोगाच्या कामकाजाचा तसंच अधिनियमानं मान्य केलेल्या उद्दिष्टांचा खर्च त्यातून करता येतो. प्रतिनिधी नेमणं हे अधिनियमातलंच काम आहे.

[दृश्य: आयोगाच्या संकेतस्थळावरचा विनियमांचा मसुदा.]

आयोगाला कोणताही विनियम, म्हणजे अधिनियमाखालचा स्वतःचा नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. कलम १८१ ची तशी अट आहे. कामकाजाच्या विनियमांचा मसुदा निघेल तेव्हा ‘ग्राहकांना मदत द्या’ एवढंच लिहून पाठवलं तर ते बाजूला पडेल. कलमाचा तयार मजकूर पाठवा. पात्र कोण, सूचना किती दिवसांत, ताशी दर कोण ठरवणार, नोंदवहीचा नमुना कसा, पैसे किती दिवसांत. आणि मंजूर अंदाजपत्रकाचा ठरावीक हिस्सा आगाऊ मिळावा हे वाक्य त्यात हवंच, कारण विदर्भातल्या शेतकरी गटाला मुंबईतल्या तांत्रिक सुनावणीला अभियंता पाठवायचा असेल, तर तिकीट आधी काढावं लागतं.