काळ्या कातळाखालचा प्रतिध्वनी

[दृश्य: घाटरस्त्यासाठी कापलेला डोंगर. काळ्या कातळात मध्येच एक तांबडी रेघ.]

घाट चढताना ही तांबडी रेघ आपण कितीदा तरी पाहिलेली असते. एक लाव्हा निवला, त्यावर माती धरली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी असे थरावर थर चढले. आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख या काळ्या लाव्हा-खडकाखाली, म्हणजे बेसाल्टखाली आहे. त्याच्याही खाली काय आहे? तेल सहसा गाळाच्या खडकात सापडतं, म्हणून तेल शोधणाऱ्यांना हा प्रश्न फार दिवस छळतोय.

[दृश्य: माळरान. जमिनीत ओळीनं खोचलेले जिओफोन.]

रीत तशी सोपी. लहानसा सुरुंग उडवायचा आणि खालून परत येणारी थरथर जिओफोननं टिपायची. गाळाच्या खडकात हे छान जमतं. बेसाल्टमध्ये मात्र लहर सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर धावते आणि तांबड्या मातीत शिरली की मंदावते. प्रत्येक सांध्यावर तिचा थोडा भाग माघारी फिरतो, दोन थरांमध्ये टप्पे खात राहतो. खालून आलेली खरी हाक या कल्लोळात हरवून जाते.

मग कल्लोळ ओळखायचा कसा? आधी खोटी जमीन बनवायची, संगणकात.

[दृश्य: पडद्यावर चौकटींची जाळी. मधोमध एक ठिणगी, तिच्याभोवती पसरत जाणारी वर्तुळं.]

10 किलोमीटर लांब, 10 रुंद आणि 5 खोल असा जमिनीचा ठोकळा घेऊ. त्याचे 5-5 मीटरचे तुकडे पाडले की 400 कोटी होतात. प्रत्येक तुकड्याला घनता आणि लहरीचा वेग द्यायचा: इथं बेसाल्ट, इथं माती, इथं गाळ. मग ठिणगी टाकायची. दाबावरून कणांचा वेग काढायचा, वेगावरून पुन्हा दाब. 1986 साली ज्याँ व्हिरिओ या फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञानं घन खडकातल्या लहरींसाठी हे गणित अशा जाळीवर मांडलं, की वेगाचे बिंदू आणि ताणाचे (घन खडकात दाबाच्या जागी ताण) बिंदू एकमेकांपासून अर्धं घर सरकलेले. गवंडी विटेच्या सांध्यावर सांधा येऊ देत नाही ना, काहीसं तसंच.

काळाचं पाऊलही छोटंच टाकावं लागतं, अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. मोठं टाकलं तर आकडे उधळतात आणि पडद्यावर लहरीऐवजी नुसता चिखल दिसतो. चार सेकंदांच्या नोंदीसाठी आठ हजारांवर पावलं. म्हणजे एकाच सुरुंगासाठी 32 लाख कोटींहून जास्त वेळा तोच हिशेब. आणि सर्वेक्षणात सुरुंग हजारो असतात. जाळी निम्म्यानं बारीक करायची म्हटलं, तर तुकडे आठपट, पावलं दुप्पट, काम सोळापट! म्हणूनच या कामाला महासंगणक लागतो. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेनं अशा लहरींच्या गणितासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर तयार केलं आहे.

आणखी एक खोड. खरी जमीन पुढे पसरलेली असते, आपला ठोकळा मात्र संपतो. लहर त्याच्या कडेवर आपटून परत आली, तर जमिनीत नसलेलाच थर दिसू लागतो. म्हणून कडांना लहर गिळणारं अस्तर द्यावं लागतं.

[दृश्य: पडद्यावर शेजारी शेजारी दोन नोंदी.]

आता गंमत बघा. डावीकडच्या मॉडेलमध्ये तांबडे थर घातले आहेत, उजवीकडे नाहीत. बाकी सगळं सारखं. डावीकडे ज्या जास्तीच्या रेघा दिसतात, त्या टप्पे खाणाऱ्या लहरींच्या. शेतातल्या नोंदीत तशाच रेघा दिसल्या, की त्यांना तेलाचा थर समजून विहीर खोदायला कुणी धावत नाही. पण आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. तांबडा थर मॉडेलमध्ये घालायचाच राहिला, तर कितीही मोठा संगणक तो दाखवणार नाही. तेव्हा मॉडेल थोडं बदलायचं, लहर पुन्हा सोडायची, खऱ्या नोंदीशी ताडायचं. पुन्हा बदलायचं.

[दृश्य: कोयना परिसर. पेटीत ओळीनं मांडलेले खडकाचे गोल नमुने.]

कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं पाडली, त्यातलं एक सुमारे 3 किलोमीटर खोल. तिथं बेसाल्ट संपल्यावर गाळाचा खडक लागलाच नाही, थेट ग्रॅनाइट आणि नाईस हे पायाचे जुने, कठीण खडक. सौराष्ट्रात मात्र याच बेसाल्टखाली जुना गाळ सापडला आहे. वरून दोन्हीकडचा कातळ सारखाच काळा.