नजर वस्तूवर राहू दे

(दालन. दगडी मूर्तीभोवती हळूहळू फिरणारी तरुणी. कानाला हेडफोन.)

हिचा फोन पर्समध्ये आहे. कानातला आवाज सांगतोय, मागच्या बाजूला या, आणि ती मागच्या बाजूला जातेय. संग्रहालयाचं ऑडिओ गाइड अ‍ॅप चांगलं जमलं की असं दिसतं. माणूस इथे वस्तू बघायला येतो. अ‍ॅपने त्याची नजर स्वतःकडे ओढून घेतली, तर त्याला इथवर येऊन काय मिळालं?

(जुनी यंत्रं, पट्ट्याला लटकवलेले रिसीव्हर.)

संग्रहालयात कानाशी बोलणारा वाटाड्या तसा जुनाच. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये तो रेडिओलहरींवर बोलायला लागला. प्रक्षेपण एकच, त्यामुळे दालनातले सगळे जण एकच वाक्य एकाच वेळी ऐकायचे आणि एकदमच पुढच्या चित्राकडे सरकायचे. पुढे कॅसेट आली, मग वस्तूचा नंबर दाबायची यंत्रं आली, आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

(टेबल. कागदावर काढलेले स्क्रीन, कात्री, स्केचपेन.)

अ‍ॅपची पहिली आवृत्ती कागदावरच होते. एकेक कागद म्हणजे एकेक स्क्रीन. चाचणीला आलेली व्यक्ती कागदावर बोट ठेवते, समोरचा पुढचा कागद सरकवतो. इथे बघा, सुरुवातीच्या स्क्रीनवर किती गर्दी आहे: नकाशा, बातम्या, फोटो, कार्यक्रम, तिकीट. आता एकेक तुकडा उचलला जातोय. शेवटी उरतात नंबर टाकायची मोठी बटणं, चालू-बंद, आणि पंधरा सेकंद मागे. हे शेवटचं बटण काढून चालत नाही. दालनात सोबतचं माणूस मध्येच काहीतरी विचारतं, मूल हात ओढतं आणि नेमकं वाक्य निसटतं. सगळी बटणं खाली, अंगठ्याच्या टप्प्यात आहेत, कारण दुसरा हात बहुतेक वेळा मोकळा नसतो.

(काचपेटीच्या खाली चिकटवलेला छोटा बीकन. फोन घेऊन चालणारा डिझायनर.)

नंबर तरी कशाला, फोनला आपोआप कळू दे, असं वाटणं साहजिक आहे. बंद इमारतीत जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून ब्लूटूथचे बीकन, म्हणजे सिग्नल पाठवणारी छोटी यंत्रं, लावतात. बीकन सतत आपली ओळख प्रसारित करत असतो आणि फोन सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतो. पण या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात. दालन रिकामं असताना नीट चाललेलं गणित गर्दीत कोलमडतं. आता हाच प्रसंग बघा: समोर तांब्याचा हंडा आणि फोन सांगतोय शेजारच्या तलवारीबद्दल. त्यामुळे इथे बीकनला एवढंच काम दिलंय, जवळच्या तीन-चार वस्तूंची नावं सुचवायची. आवाज सुरू होतो तो बोटानेच. आपोआप सुरू होणारा आवाज माणसाला दचकवतो आणि त्याची निवडही हिरावून घेतो.

(रेकॉर्डिंगची खोली. संहितेवर लाल पेन.)

खरी मेहनत मात्र या खोलीत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षकांचं निरीक्षण केलं होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका कलाकृतीपुढे माणूस सरासरी २७ सेकंद थांबत होता, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांपेक्षाही कमी. म्हणजे पहिलं वाक्य पडतं तेव्हाच तो जाण्याच्या बेतात असतो.

संहितेची सुरुवात आधी अशी होती: ‘प्रस्तुत मूर्ती मध्ययुगीन शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना असून…’ लाल पेनाने ती सगळी ओळ खोडलीय. आता निवेदिका वाचते: ‘डाव्या खांद्याकडे बघा. छिन्नीचे घाव तसेच राहिलेत. इथे घासकाम झालेलंच नाही.’ त्यानंतर ती थांबते, आणि हा थांबा एडिटिंगमध्ये कापायचा नाही, अशी संहितेतच नोंद आहे. डोळ्यांना खांदा शोधायला वेळ लागतो. काळ, राजवट, दगडाचा प्रकार हे सगळं नंतर येतं, खांदा सापडल्यावर. क्युरेटरना, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अभ्यासकांना, ही कापाकापी सोपी जात नाही. वर्षानुवर्षांचा अभ्यास दीड मिनिटात बसवायचा असतो. म्हणून ज्याला हवं त्याच्यासाठी ‘आणखी ऐका’ वेगळं ठेवलंय.

आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) साठवला की एका मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी लागतो. नव्वद मिनिटांचं निवेदन ४५ एमबीच्या आत बसतं. प्रवेशद्वारापाशी एकदाच उतरवून घ्यायचं. मग जाड भिंतींच्या आत रेंज गेली तरी अडत नाही.

(अंध पाहुणा. दोन्ही हात मूर्तीच्या प्रतिकृतीवर.)

यांच्यासाठी लिहिलेली संहिता वेगळी आहे. ती आकारापासून सुरू होते: मूर्ती कमरेइतकी उंच, उजवा हात कोपरापासून तुटलेला. बोटं कुठून कुठे न्यायची तेही क्रमाने सांगते. अ‍ॅपमधल्या प्रत्येक बटणाला नाव दिलेलं आहे, कारण स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सुविधेला नाव नसलेलं बटण फक्त ‘बटण’ एवढंच वाचता येतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक निवेदनाचा मजकूर आहे. ही कामं शेवटी वेळ उरला तर करायची नसतात. अंध पाहुण्यासाठी लिहिलेलं वर्णन ऐकून डोळस माणसालाही तो तुटलेला हात पहिल्यांदा नीट दिसतो.

(तिकीट खिडकी. चार्जिंगला लावलेली यंत्रं.)

भाड्याची यंत्रं, त्यांची साफसफाई आणि रांग आता कमी होते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी थोडी यंत्रं अजून ठेवलेली आहेत.

(रिकामी काचपेटी. आत ‘संवर्धनासाठी हलवले’ अशी पाटी.)

वस्तू जागेवरून हलली की तिचं निवेदनही त्याच दिवशी बंद व्हायला हवं. ते बंद करायचं बटण ऑफिसात नाही, दालनातल्या कर्मचाऱ्याच्या फोनवर दिलंय. पेटी रिकामी झाल्याचं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.