हिरवी हुमणी

(उसाचा फड. कुदळीखाली ढेकूळ फुटतं.)

ही हुमणी. विळ्यासारखी वाकलेली, दुधी अंगाची, तांबूस डोक्याची. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात ना, त्यांचंच हे पिल्लू. जमिनीत बसून मुळं खातं. ऊस पिवळा पडतो आणि ओढला की अख्खं बेट हातात येतं.

आता शेजारची ही बघा. ताठरलेली, अंगावर हिरवी पूड. ही पूड म्हणजे मेटारायझियम बुरशीचे बीजाणू. १८७९ मध्ये जीवशास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह यांनी ओडेसाकडे गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर याच बुरशीचा प्रयोग केला होता.

(सूक्ष्मदर्शकातलं चित्र.)

बीटी कपाशीतलं कीडनाशक प्रथिन अळीच्या पोटात जावं लागतं, हे कपाशीवाल्यांना ठाऊक आहे. बुरशी सरळ कातडीतून शिरते. बीजाणू चिकटतो, त्यालाही एक चिकट प्रथिन लागतं. मग त्याला कोंब फुटतो, कोंबाचं टोक फुगून कातडीवर दाबून बसतं. तिथून विकरं सुटतात: एक कातडीतली प्रथिनं विरघळवतं, दुसरं कातडीला टणक करणारं कायटिन. भोक पडलं की बुरशी रक्तात.

आत गेल्यावरची हत्यारं निराळी. डेस्ट्रक्सिन या विषाचं नाव बऱ्याचदा ऐकू येतं, पण ते खरं तर प्रथिन नव्हे, छोटं चक्राकार पेप्टाइड. अस्सल विषारी प्रथिनं म्हणजे रायबोटॉक्सिन. मेटारायझियमकडे अ‍ॅनिसोप्लिन आहे. पिकावरच्या बारीक कोळी किडीला (माइट) मारणाऱ्या हिरसुटेला बुरशीकडे हिरसुटेलिन, अवघ्या १३० अमिनो आम्लांचं. पेशीत प्रथिनं तयार करणारा जो रायबोसोम, त्याच्या आरएनएमधला नेमका एकच बंध रायबोटॉक्सिन तोडतं. हजारो बंधांतला एक! तेवढ्यानं पेशीचं काम ठप्प होतं.

(प्रयोगशाळा. पिशव्यांची रांग.)

ही बुरशी वाढते तांदळावर. भिजवलेला तांदूळ पिशवीत भरून वाफेवर निर्जंतुक करायचा, निवला की बुरशीचं विरजण लावायचं. आधी पांढरी साय धरते, मग पिशवी हिरवीगार होते. कोपऱ्यातली ही काळी पिशवी बिघडलेली. ती टाकून द्यायची, हिरवीत मिसळायची नाही.

उन्हात बीजाणू मरतात, कोरड्या मातीत रुजत नाहीत, गुण यायला दिवस लागतात. म्हणून घाई असलेला माणूस रासायनिक फवाऱ्याकडेच वळतो.

(संध्याकाळ. शेणखताची पाटी.)

मुरलेल्या शेणखतात हिरवी पूड कालवली आहे. ओल्या सरीत, उसाच्या बुडाशी, मूठ मूठ.