मापाचा ब्लाऊज : दुरुस्ती कागदावर करावी

श्रोतेहो, नमस्कार.

घरी शिवलेला ब्लाऊज छातीशी घट्ट झाला, तर बहुतेक जणी सर्वांत आधी बाजूची शिवण उसवतात आणि आत राखलेल्या मायेतून, म्हणजे शिवणीपलीकडच्या जादा कापडातून, अर्धा-पाऊण इंच सोडवून घेतात. हुकांवरचा ताण त्याने कमी होतो, पण थोड्याच वेळात खांदा दंडाकडे घसरू लागतो, काखेत झोळ पडतो आणि पाठीवर कापड सैल लोंबते. मग ब्लाऊज बिघडल्याचे खापर कापडावर, मशीनवर किंवा स्वतःच्या अंगलटीवर फोडले जाते. या तिघांचाही दोष नसतो. कापड समोर कमी पडलेले असते आणि ते बाजूला वाढवलेले असते. जिथे उणीव आहे तिथेच, आणि कात्री कापडाला लागण्यापूर्वी कागदावर ती कशी भरून काढावी, हे आज सांगायचे आहे.

कागदी नमुन्यावरून कपडे बेतण्याची घरगुती पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीला आणले, आणि घरच्या घरी बेतून शिवणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण नमुना मापात बसवायचा, तर एका मापावरून बाकीची मापे गृहीत धरावी लागतात. आपल्या शिवणवर्गांत शिकवले जाणारे ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून कागदावर नमुना आखणे, हेही तसेच चालते. छातीचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा पुढच्या आणि मागच्या भागाला द्यायचा, आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या काखेजवळच्या गोलाईची, खोली व गळ्याची रुंदीसुद्धा त्याच घेराच्या ठरावीक हिश्शाने काढायची. ज्यांचे शरीर या हिशेबाला जुळते त्यांचा ब्लाऊज पहिल्या फटक्यात बसतो. बाकीच्यांना कागद दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि अशा बाकीच्याच जास्त असतात. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालतात, त्यामुळे गाठ थोडी आवळून किंवा सैल करून ती अंगाबरोबर निभावून नेता येते. हुकाच्या, अंगालगतच्या ब्लाऊजला ती सवलत नाही.

म्हणून माप घेतानाच एक माप जास्तीचे घ्यावे. छातीचा पूर्ण घेर आपण घेतोच. त्याशिवाय टेप काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून, पाठीवर आडवी सरळ ठेवून आणखी एक घेर घ्यावा. त्याला आपण वरची छाती म्हणू. खांदा, मुंढा आणि गळा या तिन्ही गोष्टी हाडांच्या ठेवणीवर अवलंबून असतात, आणि त्या ठेवणीचा खरा अंदाज वरच्या छातीवरून येतो, पूर्ण घेरावरून येत नाही. सर्वसाधारण नमुन्यात या दोन मापांत सुमारे दोन इंचांचा फरक धरलेला असतो. समजा, एखादीची वरची छाती ३४ इंच आणि पूर्ण छाती ३८ इंच आहे. तिने ३८ चा नमुना घेतला तर पुढचा भाग कसाबसा पुरेल, पण खांदे, गळा आणि पाठ तिच्यापेक्षा थोराड बाईचे होतील. तिने ३६ चा नमुना घ्यावा, म्हणजे खांदा आणि मुंढा नेमके बसतील, आणि राहिलेले दोन इंच फक्त पुढच्या दोन भागांत, प्रत्येकी एक इंच, वाढवावेत.

ही मापे स्वतःची स्वतः घेऊ नयेत. टेप धरण्यासाठी हात उचलला की खांदा आणि छाती दोन्ही वर सरकतात, म्हणून बहिणीची, मुलीची किंवा शेजारणीची मदत घ्यावी आणि आपण नेहमी जसे उभे राहतो तसेच उभे राहावे. ब्लाऊजच्या आत जे घालणार असाल तेच माप देताना घालावे, कारण आतला कपडा बदलला की छातीची उंची बदलते आणि टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या, चुकीच्या जागी येतात. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी.

आता तो एक इंच कागदावर कसा वाढवायचा? जवळ पुढच्या भागाचा कागद असेल तर समोर घ्या. छातीच्या सर्वांत उंच जागी येणारा बिंदू खांद्यापासूनचे अंतर मोजून कागदावर ठळक करावा. या बिंदूपासून खाली, कंबरेच्या टक्सच्या मधोमध, मध्यरेषेला (पुढच्या हुकांच्या बाजूच्या कडेला) समांतर अशी एक रेघ ओढावी. त्याच बिंदूपासून वर तिरकी जाणारी दुसरी रेघ मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला नेऊन मिळवावी. तिसरी रेघ बिंदूपासून बाजूच्या शिवणीकडे, काखेखाली दोन-अडीच इंचांवर न्यावी. खालून कात्री लावून पहिली रेघ कापत वर यावे आणि बिंदूपाशी वळून दुसऱ्या रेघेने मुंढ्यापर्यंत जावे, पण शेवटचा केसभर कागद जोडलेलाच ठेवावा. बाजूची रेघ बाहेरून आत कापावी आणि तीही बिंदूपाशी किंचित जोडलेली ठेवावी. आता काखेकडचा तुकडा अलगद बाजूला सरकवावा, इतका की बिंदूपाशी एक इंचाची फट पडेल आणि खालच्या उभ्या कापाच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर राहतील. हे करताना बाजूची तिसरी रेघ आपोआप पाचरीसारखी उघडते. तिथे बाजूचा टक्स तयार होतो. काखेकडचा तुकडा खाली उतरल्यामुळे मध्यरेषेकडचा तुकडा आखूड पडतो. तो आडवा कापून तेवढाच खाली घ्यावा. सगळ्या फटींखाली दुसरा कागद चिकटवावा. कंबरेचा टक्स एक इंचाने मोठा होतो, त्यामुळे तो शिवल्यावर कंबर होती तेवढीच राहते. खांद्याची रेघ आणि मुंढ्याची लांबी यांना या सगळ्यात धक्का लागलेला नाही, हे लक्षात घ्या. या रीतीचे खरे मोल तेच आहे.

टक्सचे टोक उंच बिंदूवर नेऊन भिडवू नये. ते अर्धा ते एक इंच अलीकडे थांबवावे, नाहीतर तिथे कापडाला टोक येते आणि साडीच्या पदरातूनही ते जाणवते.

दुरुस्त कागदावरून थेट पैठणीचा ब्लाऊजपीस कापण्याचे धाडस कोणीही करू नये. रेशमात सुईची भोके उसवल्यावरही दिसत राहतात, आणि साडीबरोबर आलेला तुकडा दुसऱ्यांदा मिळत नाही. मांजरपाट किंवा जुन्या धुवट चादरीचा सुती भाग घ्यावा, उभा धागा मध्यरेषेला समांतर ठेवून कापावा आणि मोठ्या टाक्याने कच्चा ब्लाऊज शिवावा. हूक लावायची गरज नाही, पुढे टाचण्या लावल्या तरी पुरे. तो अंगात घालून आरशासमोर उभे राहिले की चुण्या बोलू लागतात. ताणलेली चुणी नेहमी कापड जिथे कमी आहे त्या जागेकडे बोट दाखवते. छातीच्या उंचवट्यापासून तिरक्या कंबरेकडे जाणाऱ्या चुण्या असतील तर पुढच्या भागात अजून जागा हवी. सैल, मऊ घडी पडली असेल तर तिथे कापड जास्त आहे. ती घडी टाचणीने चिमटीत धरावी, चिमटीत आलेले कापड मोजावे आणि तेवढाच कागद त्या जागी घडी घालून कमी करावा. पुढचा गळा छातीपासून सुटून उभा राहत असेल तर गळ्याच्या कडेला अशीच छोटी चिमटी घ्यावी आणि कागदावर ती घडी टक्सकडे वळवावी.

पाठीचा भाग आपण फार दुर्लक्षितो. वयाबरोबर अनेकींच्या पाठीला मानेखाली किंचित बाक येतो. अशा वेळी ब्लाऊज मागून वर चढतो, खांद्याची शिवण पाठीकडे ओढली जाते आणि पुढचा गळा घशाला लागतो. मग लोक गळा खोल कापतात. खरे म्हणजे मागच्या कागदाला खवाट्यांच्या उंचीवर आडवा छेद देऊन पाव ते अर्धा इंच उंची वाढवायची असते. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असणे हेही अगदी साधे आहे. अर्ध्या कागदावरून घडी घालून दोन्ही बाजू कापण्याची सवय अशा वेळी सोडावी, पूर्ण कागद काढावा आणि डावी-उजवी बाजू आपापल्या मापाने आखावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या दोन बाजू सारख्या राहिलेल्या नाहीत, त्या भगिनींना तर तयार ब्लाऊज फार क्वचित सुखाचा होतो. त्यांच्यासाठी घरातल्या कोणीतरी वेळ काढून दोन्ही बाजूंची मापे स्वतंत्र घेऊन पूर्ण कागद करून द्यावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबायलाच हवे. हात वर केला की ब्लाऊज ओढला जातो, म्हणून मुंढा आणखी खोल कापला जातो. असे केल्याने ओढ वाढते. मुंढा खोल केला की काखेतली शिवण खाली जाते, आणि हात उचलताना बाही त्या शिवणीला धरून सगळा ब्लाऊज वर खेचते. मुंढा काखेच्या जवळ असला की हात मोकळा फिरतो आणि ब्लाऊज जागचा हलत नाही. दंडाशी आवळत असेल तर बाहीच्या कागदावर उपाय करावा. बाहीच्या गोलाईची उंची थोडी कमी करून दंडाजवळची रुंदी वाढवावी आणि गोलाईची लांबी मुंढ्याच्या लांबीशी पुन्हा ताडून पाहावी. ती अर्धा ते एक इंच जास्त असली म्हणजे बाही खांद्यावर गोल बसते.

मागचा गळा खोल ठेवायचा असेल तर खांद्याजवळची गळ्याची रुंदी पाव ते अर्धा इंच कमी घ्यावी. ती कमी न केल्यामुळे खांदे उतरतात आणि मग नाडी बांधून ते धरून ठेवावे लागतात. नाडी शोभेसाठी जरूर लावावी, पण ब्लाऊज तिच्या आधारावर उभा राहू नये.

सुती कापड आणि अस्तर दोन्ही कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे. अस्तर न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात, आणि त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. बाजूला एक ते दीड इंच माया ठेवावी, मात्र गळ्याला आणि मुंढ्याला ती अर्ध्या इंचाहून जास्त नसावी, कारण वळणावर जास्तीची माया शिवण सपाट बसू देत नाही.

कच्च्या ब्लाऊजवरच्या सगळ्या दुरुस्त्या कागदावर उतरल्या की तो जाड खाकी कागदावर नव्याने काढावा. त्यावर नाव, तारीख, पूर्ण छाती, वरची छाती आणि माया धरून आहे की सोडून, हे लिहावे, उभ्या धाग्याचा बाण काढावा आणि कागद घडी न घालता गुंडाळून ठेवावा. सहा महिने-वर्षाने पुन्हा वापरताना आधी ती दोन मापे टेपने परत घ्यावीत, आणि फरक अर्ध्या इंचाहून जास्त दिसला तर कच्चा ब्लाऊज पुन्हा एकदा शिवून पाहावा.

नमस्कार.