बेपत्ता माणसांची यादी

मित्रहो, ३० एप्रिल १९७७. अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स, तिथला प्लाझा दे मायो हा चौक. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर चौदा बायका जमल्या. कुणाच्या मुलाला रात्री घरातून उचललं होतं, कुणाच्या मुलीला भररस्त्यातून. पोलीस ठाण्यात नोंद नाही, तुरुंगात नाव नाही, प्रेतही नाही. मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यापासून आयांना एकच उत्तर मिळत होतं: असा माणूस आमच्याकडे नाही.

घोळका करून उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्मारकस्तंभाभोवती चालू लागल्या. दर गुरुवारी. डोक्याला पांढरा रुमाल. पहिले रुमाल म्हणजे तान्ह्या बाळांचे लंगोट होते. मला हे सांगताना आजही गलबलून येतं.

या आयांनी काय मागितलं? वर्गणी काढून वर्तमानपत्रात बेपत्ता मुलांची नावं छापायची, एवढंच. त्यांच्यात एक देखणा तरुण येऊन बसायचा, माझाही भाऊ हरवलाय म्हणायचा. तो नौदलाचा अधिकारी होता, अल्फ्रेदो आस्तिस. त्याने दाखवलेली माणसं डिसेंबरात उचलली गेली. दोन फ्रेंच जोगिणीही त्यात होत्या. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, यादी छापून आली; त्याच दिवशी या आयांची पुढारी आसुसेना विजाफ्लोर हिला घराजवळून पळवलं. विमानातून समुद्रात फेकलेल्या या माणसांपैकी काहींचे देह लाटांनी किनाऱ्यावर आणले आणि बेनाव पुरले गेले. हाडांवरून ओळख पटायला २००५ साल उजाडलं.

आता जगाकडे पाहा. जून १९७६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगत होते, जे करायचं ते लवकर उरका. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी लष्करी मदत रोखली. पण १९८० मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाला धान्य विकणं थांबवलं, तेव्हा अर्जेंटिनाच्या कम्युनिस्टद्वेष्ट्या सेनाधिकाऱ्यांनी मॉस्कोला गहू-मका विकला. आणि जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात, अर्जेंटिनाचा निषेध होऊ नये म्हणून मॉस्को त्यांच्या पाठीशी राहिलं! गव्हाच्या पोत्यापुढे दोन्ही बाजूंची तत्त्वं गळून पडली, आणि ही गोष्ट मला छळापेक्षा कमी भयानक वाटत नाही.

वाट निघाली ती वेगळीच. एका देशाचं नाव घेता येत नाही ना, मग गुन्ह्याचं नाव घ्या! १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या बेपत्ता माणसांसाठी कार्यगट नेमला. त्याआधी, सप्टेंबर १९७९ मध्ये, अमेरिका खंडातल्या देशांचा मानवी हक्क आयोग ब्यूनोस आयर्सला आला, तेव्हा तक्रार नोंदवायला रस्त्यावर लांब रांगा लागल्या होत्या. नाव सांगायचं, तारीख सांगायची, कोणत्या गाडीतून नेलं ते सांगायचं.

त्या रांगांमधून निघालेला धागा २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारापर्यंत पोचतो: कुणालाही बेपत्ता करणं हा गुन्हा, युद्ध असो वा आणीबाणी. भारताने २००७ मध्ये त्यावर सही केली. मंजुरी मात्र दिलेली नाही.